सही केली नाही, बाबा

बाबा, तुम्ही असता तर मला हे करू दिलं नसतं. म्हणून आधीच सांगते की मी ते करून बसले आहे आणि मला त्याचा पस्तावा नाही. माणसांनी भरलेल्या एका ऑफिसात, आई शेजारी बसलेली असताना, मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भांडून आले. ज्या घराची आई इतकी वाट पाहत होती ते घर त्यापायी हातचं गेलं. तुम्ही हे ऐकून मान खाली घातली असती आणि म्हणाला असता, "जाऊ दे, माय." तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हा मी नर्सिंग शिकत होते, आज माझे केस पांढरे व्हायला लागलेत. तरी हे दोन शब्द अजून तुमच्याच आवाजात ऐकू येतात, आणि अजूनही मला त्यांचा राग येतो.

वाडीतली ती खोली तुम्हाला आठवत असेल. तुम्ही ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करायचा. संध्याकाळी पाठीवर डाळीचा नाही तर सिमेंटचा धुरळा घेऊन यायचा आणि आई स्टोव्हवरचं पातेलं उतरवून आधी तुमच्या अंघोळीचं पाणी ठेवायची. स्वयंपाकघर म्हणजे खोलीचाच एक कोपरा. त्या कोपऱ्यावरचं छत गळायचं आणि आई भाकरी भाजताना डोक्यावर ताट धरून बसायची. घरमालक दुरुस्तीचं मनावर घेईना, तेव्हा तुम्ही स्वतःच्या मजुरीतून नवे पत्रे आणलेत आणि गोदामातल्या दोन सोबत्यांना घेऊन एका रविवारी ते वर चढवलेत. त्याच हिवाळ्यात मालक दारात आला. त्याचा पुतण्या येणार होता, खोली रिकामी हवी होती, पण पत्रे काढायचे नाहीत, भिंत खराब होते. तुम्ही हो म्हणता. मी दारातच उभी आहे, दहा-अकरा वर्षांची, आणि मी मालकाच्या तोंडावर विचारते की पत्रे आपले आहेत, तर ते इथे काहून ठेवायचे. तुम्ही वळता. त्याच्या समोर, कधी नव्हे तो आवाज चढवून म्हणता, "मोठ्याइच्या मधात बोलू नको." एवढंच. पण मला ते मारापेक्षा जास्त लागलं. नव्या खोलीत गेल्यावर तुम्ही माझ्या वह्या-पुस्तकांसाठी एक लोखंडी पेटी आणलीत, जुन्या बाजारातली, निळा रंग दिलेली. मी पुष्कळ दिवस तिच्यात काही ठेवलंच नाही. मला पेटी नको होती, मला पत्रे हवे होते.

आता मी सावनेरच्या सरकारी दवाखान्यात आहे. रोज बसने जाते, येते. मी लग्न केलं नाही, तो विषय आईनेही सोडून दिला आहे. आईचे गुडघे गेलेत, म्हणून घर घ्यायचं तर तळमजल्याचंच, हे आमचं ठरलं होतं. वाडीतच एक घर सापडलं, एका निवृत्त गुरुजींचं. ते मुलीकडे अमरावतीला कायमचे जाणार होते. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, मागे थोडी भाजी लावण्याइतकी मोकळी जागा. आईने पहिल्याच दिवशी तिथे आंबाडी कुठे लावायची ते ठरवलं. मी इसार दिला, रजिस्ट्रीची तारीख धरली. आमच्या पगाराच्या बँकेतला मॅनेजर कपाळाला आठ्या घालून बोलणारा माणूस, पण त्याने कर्जाची फाईल घेतली होती.

मग दवाखान्यातल्या एकीने सांगितलं की बँकेत खेटे कशाला घालतेस, ऑनलाइन बघ. तुम्हाला कसं सांगू? एक वेबसाइट असते. तिच्यावर आपलं नाव, पगार, घराची किंमत आणि फोन नंबर टाकला की कर्ज देणाऱ्या कंपन्या आपापले व्याजाचे दर पाठवतात, आपण त्यातला स्वस्त निवडायचा. कळमन्याच्या बाजारात माल उतरवायला जायचा तेव्हा तुम्ही बोली लागताना पाहिली असेल. हेही तसंच, फक्त तिथे बोली लावणारा समोर उभा असतो. मी नंबर टाकला आणि फोन खाली ठेवायच्या आत वाजायला लागला. एक ठेवला की दुसरा, जेवण होईपर्यंत तेच. सगळे मॅडम मॅडम करत होते. त्यात एकाने माझं आडनाव वाचून म्हटलं, "जय भीम, ताई." मीही म्हटलं. बाबा, तिथेच मी सैल झाले. त्याचा दर सगळ्यांत कमी होता. वर एक पैसा फी नाही आणि दर शेवटपर्यंत तोच राहणार. मी विचारलं की हे लिहून द्याल का, तर त्याने व्हॉट्सॅपवर स्वतःच्या आवाजातला निरोप पाठवला. आणि एक काम करा म्हणाला, बँकेतली फाईल काढून घ्या, दोन ठिकाणी अर्ज दिसला की अडचण होते. मी ती काढून घेतली. मॅनेजरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत दिले.

त्यानंतर हा माणूस मंदावला. कधी साहेब सुटीवर, कधी सिस्टम बंद. रजिस्ट्री दोन दिवसांवर आली तेव्हा मंजुरी आली. दर कबूल केल्यापेक्षा टक्काभर जास्त आणि तोही पुढे वाढू शकणारा. भरीला फी, आणि न मागितलेला एक विमा कर्जाच्याच रकमेत घातलेला. मी फोन केला तर म्हणाला, ताई, ऑफिसात या, बसून बोलू.

बर्डीवरच्या एका इमारतीत त्यांचं ऑफिस. मी अर्धी रजा टाकली, आई हट्टाने सोबत आली. तो उठून उभा राहिला, आईला वाकून जय भीम म्हणाला, तिला पंख्याखालची खुर्ची दिली. आई खुलली. कोणत्या गावचे तुम्ही, म्हणून विचारायला लागली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "जय जिनेंद्र, भाईसाब." तो ठेवला तर दुसरा आला, त्यावर राम राम. तिसऱ्यावर सलाम, भाईजान. प्रत्येकाला तेच, आपल्या माणसाला मी फसवीन का. आई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "काहून वं, हा सगळ्याइचाच सोयरा हाये का?"

मी त्याला दराचं विचारलं. तो न चिडता म्हणाला की ऑनलाइन दिसतो तो सुरुवातीचा दर असतो, बाजार वर गेला त्याला तो काय करणार, आज सही करा, सहा महिन्यांत मी कमी करून देतो. मी म्हटलं, सही नाही केली तर? तेव्हा त्याने टेबलावरचा पेन माझ्याकडे सरकवला. आवाज अगदी मऊ होता.

"परवा रजिस्ट्री आहे तुमची, ताई. आता कुठे जाल?"

त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बँकेतली फाईल काढायला लावली ती ह्याच वाक्यासाठी. त्या क्षणी मला तुम्ही दिसलात, मालकासमोर हो म्हणताना. मी पेन उचलला नाही. फोन काढला, त्याचा तो निरोप शोधला आणि आवाज पूर्ण वाढवून टेबलावर ठेवला. त्याचाच आवाज त्या खोलीत बोलायला लागला, "ताई, हा दर माझ्या शब्दावर. शेवटपर्यंत एक पैसा वर जाणार नाही." संपला तशी मी तो पुन्हा लावला. बाकावर बसलेलं एक नवराबायकोचं जोडपं उठून जवळ आलं. नवरा म्हणाला, आमालेही हेच सांगतलं होतं. मग मी बसल्या जागेवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मला काय कबूल केलं होतं आणि आज काय दिलं. शिवी दिली नाही. दवाखान्यात मी वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलते, तो आवाज तिथे कामी आला.

त्यांचा साहेब बाहेर आला आणि आम्हाला आतल्या केबिनमध्ये घेऊन गेला. चहा मागवला. गैरसमज झाला म्हणाला. विमा काढून टाकतो, फी अर्धी करतो, दरातही थोडं बघतो, फक्त तेवढं रेकॉर्डिंग पुसून टाका आणि विषय इथेच मिटवा. खोटं कशाला बोलू, बाबा, त्या वेळी मला ती स्वयंपाकघराची खिडकी दिसली, ती आंबाडीची जागा दिसली. मी विचारलं, बाहेर बसलेल्या लोकांचाही विमा काढाल का? तो हसला. त्यांचं ते बघतील, मॅडम.

"मग माझंही राहू द्या," मी म्हटलं.

चहाला हात न लावता आम्ही निघालो. बाहेर त्या जोडप्याला माझा नंबर दिला आणि जिना उतरलो. आई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

गुरुजींना मी त्याच दिवशी भेटले. सगळं ऐकून त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण मला तिकडे पैसे भरायचे आहेत, मी थांबू शकत नाही. कराराप्रमाणे ते सगळा इसार ठेवू शकत होते. त्यांनी थोडा कापून बाकीचा परत दिला. घर दुसऱ्याने घेतलं. गुरुजींवर माझा राग नाही.

दुसऱ्या दिवशी आई मेथी निवडत बसली होती. मला वाटलं, आता घराचं काढेल. तिने तुमचं काढलं.

"तुले वाटते, तुहा बाप भेकड होता." ती काड्या बाजूला टाकत राहिली. "पत्रे काढून नेले असते तर त्या मालकानं वाडीभर बोंब मारली असती, अन् आपल्याले कोणी खोली दिली नसती. तशीबी किती जणाइनं जात विचारून दारं लावली होती, तुले काय मालूम. तू काल उठून आली, कारण तुह्या हाताले पगार आहे. त्याच्या हाताले तू होती."

हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हीही नाही. त्या दिवशी मी मालकासमोर बोलले तेव्हा तुम्हाला भीती कुणासाठी वाटली असेल, ते मला आता कळतं. तुम्ही माझी शाळा सोडवली नाहीत, दुसरी खोली मिळेपर्यंत गोदामाच्या ओसरीत झोपलात आणि आम्हाला आत्याकडे ठेवलंत. तुमच्याजवळ नाही म्हणायची सोय नव्हती. पण बाबा, सोय नव्हती म्हणजे त्या मालकाचं बरोबर होतं असं नाही. ते पत्रे आपले होते. हे मी आजही तुमच्या तोंडावर म्हणेन, आणि या वेळी तुम्ही मला गप्प करू शकणार नाही.

मी पुन्हा त्या आठ्यावाल्या मॅनेजरकडे गेले. त्याने टोमणा न मारता फाईल उघडली. कर्ज त्याने सांगितलेल्या दरानेच मिळालं, पण तोपर्यंत तळमजल्याचं काही आमच्या आवाक्यात उरलं नव्हतं. आम्ही वाडीतच तिसऱ्या माळ्यावर राहतो, लिफ्ट नाही. आई दर जिन्याला थांबते आणि मी काही बोलायच्या आत सांगते की गुडघे तिचे आहेत, तीच पाहील. कंपनीकडे तक्रार केली, वेबसाइटकडे केली, त्यांच्या वर जे बसतात त्यांच्याकडेही केली. ते जोडपंही आता माझ्यासोबत आहे, त्यांनीही सही केली नाही. एका ठिकाणाहून उत्तर आलं की तक्रारीचं समाधान झालं आहे. कोणाचं झालं ते कळवा, म्हणून मी परत लिहिलं. तो माणूस अजून त्या वेबसाइटवर आहे, हसरा फोटो लावून. त्याच्या नावाखाली मी माझा अनुभव लिहिला. त्यांनी तो काढून टाकला. मी पुन्हा लिहिला. काढतील तितक्या वेळा लिहीन. आई विचारते, अजून किती दिवस करून राहशील? मी म्हणते, तो थकेपर्यंत.

हे तुम्हाला कुठल्या पत्त्यावर पाठवणार? लिहून झालं की घडी करून उशीखाली ठेवीन. म्हणूनच आणखी एक सांगते. लोकांना मी सांगते की तिसऱ्या माळ्यावर वारा छान येतो, जे होतं ते बऱ्यासाठीच. वारा येतो, हे खरं आहे. पण बसमधून उतरल्यावर मी सरळ घरी येत नाही. गुरुजींच्या गल्लीतून वळसा घालून येते. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीला आता कुणीतरी हिरवे पडदे लावलेत, आणि मागे काहीच लावलेलं नाही, जागा तशीच पडून आहे. मी चालण्याचा वेग कमी न करता बघते आणि पुढे जाते. आईला यातलं काही माहीत नाही.