शेंदराखालचा नंबर

भायखळा, मुंबई
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थरूप पंडितदादास,

दंडवत मागून घालतो. एक्सल बसला न्हाई त्यात माझा काय कसूर, ते आधी सांगा. तुमी लिवलं, "मोटारीच्या तोंडावर जे पितळी नाव हाय, त्याच नावाचा एक्सल धाड." मी धाडला. आता म्हणता, बंकटनं मुंबईतून भंगार गळ्यात मारलं. हरिबा इथं माल न्यायला आलाय, तो सांगतो की तुमी मांजरसुंब्याच्या नाक्यावर बसून येईल त्याला हेच ऐकवता. हरिबाला खोटं बोलायची अक्कल न्हाई.

तुमचं पत्र घेऊन मी आमच्या गोदामातल्या कासम मिस्त्रीकडं गेलतो. तो हसला. म्हणला, "नाम मत बता बे. नाम तो बोनट का है. चासी का नंबर बता."

चासी म्हंजी मोटारीचा सांगाडा, ज्याच्यावर आपल्या सुतारानं बाकडी ठोकली तो. कारखानदार दर मोटारीला नवा सांगाडा करत न्हाई. एकाच सांगाड्यावर तो साहेबाची मोटार बांधतो, त्याच्यावरच लारी, आणि त्याच्यावरच दुसऱ्या नावाची तिसरी. नावं तीन, हाडं एक. त्यांचे एक्सल, बेरिंग, ब्रेक एकमेकांला चालतेत. उलटंबी हाय. नाव एक आणि सांगाडे दोन, एक हलका, एक जड. जडाच्या एक्सलाला दात जास्त. हलक्याचा तिथं जातच न्हाई. आपलं तसंच झालं असंल. न्हाईतर लातूरच्या ज्या सेठकडून मोटार घेतली, त्यानं बोनटच दुसऱ्या गाडीचं बसवलं असंल. मग ते पितळी नाव उसनंच की.

म्हणून गेल्या पत्रात मी नंबर मागितला. उजव्या दिव्याखाली चासीचं टोक निघतं, तिथं तो लोखंडात ठोकलेला असतो. तुमी काय लिवलं? "तिथं शेंदूर हाय. देव खरवडत नसतेत." बस. आणि तो दुसरा मोटारवाला, बद्रीनाथ, आपली मोटार मोडीत घ्यायला तयार हाय, हे मात्र पानभर.

दादा, बद्रीनाथला लोखंड नको हाय. त्याला आपला बीडपर्यंत माणसं न्यायचा परवाना पाहिजे. माघापर्यंत मोटार हालली न्हाई तर परवाना गेला, आणि मग तो सोताच्या नावानं काढणार. तुमी पुन्हा लोकाच्या रानात सालदार राहणार का? वैनीला हे सांगितलंय का?

शेंदराचं म्हणाल, तर आपल्या वेशीतल्या मारुतीनं एक साल शेंदराची खोळ सोडली होती. गुरवानं ती वाजतगाजत नदीत सोडली. खालून मारुती निघाला तो पहिल्यापेक्षा ठसठशीत. देव काय कमी झाला?

पण तुमी कावून खरवडत न्हाई, ते मला ठाव हाय. तुमी लिवत न्हाई, मीबी इचारत न्हाई.

परसालच्या खंडेनवमीला आईनं नांगराला, विळ्याला शेंदूर लावला आणि मग मोटारीकडं आली. मला म्हणली, "बैल घेताना देवणी का खिल्लारी ते इचारतेत. हिची अवलाद कोणती रे?" मी म्हणलो, "नाव हाय की तोंडावर." ती म्हणली, "नावानं बैल वढतो व्हय?" तुमी लई हसलात. तिनं दिव्याखाली पाच बोटं उठवली, हात लुगड्याला पुसला आणि चुलीकडं गेली.

पौषात ती गेली. तुमचं पत्र मला मिळालं तवा तिचा दहावा होऊन गेलता. तुमच्यापाशी ती बोटं तरी हायेत. माझ्यापाशी तेबी न्हाई. आणि मीच तुमाला म्हणतो, खरवडा.

मोटार एका जागी उभी राहावी म्हणून तिनं बोटं उठवली नव्हती.

गोडंतेल चोपडून रातभर ठिवा. सकाळी बांबूच्या चिपेनं सावकाश काढा. विळा लावू नका, नंबर घासला जाईल. जी खोळ निघंल ती टाकू नका. येत्या खंडेनवमीला तेलात खलून वैनीच्या हातानं त्याच जागी लावा. नंबर शाळेच्या मास्तराकडून उतरून घ्या आणि टपालानं धाडा. एक आकडा चुकला तर पुढच्या साली आपण हेच भांडत बसू.

नंबर आला की कासम मिस्त्री सांगंल, कोणकोणत्या नावाच्या गाडीचा एक्सल आपल्याला चालतो. नवा न्हाई परवडला तर मोडीतल्या गाडीचा काढीन. आईच्या वर्षश्राद्धाला मी येतो, एक्सल खांद्यावर घेऊन. बसवल्याबिगर परत जाणार न्हाई, नोकरी राहो न राहो.

बद्रीनाथला सांगा, मोटार विकायची न्हाई. तुमच्या तोंडून निघत नसंल तर माझं नाव घेऊन सांगा.

आता घ्या दंडवत. वैनीलाबी.

तुमच्याशीच भांडणारा, तुमचा धाकला
बंकट

हरिबाजवळ परवान्याच्या फीला पैसे दिलेत. आईच्या लुगड्याला बाजूला ठिवलेले, ते आजवर मोडले नव्हते. कलदार नऊ रुपये.