तागाच्या काड्यांचा भाव

नाना, तुमची आकडेमोडीची स्लाइड रूल आज पुन्हा पुसून ठेवली. मधली पट्टी अजून अलगद सरकते. तुम्ही तिला कुणाला हात लावू देत नव्हतात आणि शेवटी दिलीत ती मला. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. पेट्रोल सगळं बाहेरून यायचं. तागाच्या काड्यांपासून स्पिरिट काढून पेट्रोलमध्ये मिसळता येईल का, आणि ते परवडेल का, हे शोधायचं काम तुमच्या प्रयोगशाळेकडे आलं. काड्या आम्लात शिजवून त्यांची साखर करायची, ती आंबवायची, मग ऊर्ध्वपातन. दोन वर्षं तुमच्या कोटाला आंबूस वास होता. पहिली बाटली तुम्ही बालीगंजच्या घरी आणलीत, स्पिरिटच्या दिव्यात ओतलीत आणि स्वयंपाकघरात त्यावर आईसाठी चहा केलात. आई म्हणाली, एवढा खटाटोप केलात, तर साखर तरी दोन चमचे घालायची! तुम्ही चक्क हसलात.

मी तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. अहवालाची स्वच्छ प्रत लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. खर्चाच्या तक्त्यात काड्यांपुढे तुम्ही शून्य मांडलं होतं, शेतातला कचरा म्हणून. आपण घाटावरून या शहरात आलेली माणसं, ताग आपल्याला पोत्यापुरता ठाऊक. पण आपली मोलकरीण रोज त्याच काड्यांनी कोळशाची शेगडी पेटवायची. ती त्यांना पाटकाठी म्हणायची आणि बाजारातून विकत आणायची. मी तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही वर न बघता खेकसलात, "मोजल्याशिवाय बोलायचं नाही. मोळीला काय पडतं ते विचारून ये आणि मग बोल."

मला इतका राग आला होता! तणतणत मी बाजारात गेले. श्रावण चालू होता. कोरड्या काड्या मिळत नव्हत्या, भाव चढलेला. सोबत आलेली मोलकरीण कुरकुरली, थंडीत हीच मोळी निम्म्यात मिळते म्हणाली. परत येताना मी दुसराच हिशोब करत होते. योजना मंजूर झाली तर कारखाना ताग पिकतो तिथे, खेड्यात निघणार होता आणि तुमची बदली ठरलेली. आई भांडी बांधायच्या गोष्टी बोलायला लागली होती. मुलीला एकटीला मागे ठेवायचं नाही, हे तुम्ही दोघांनी माझ्यासमोरच ठरवलं होतं. म्हणजे माझं कॉलेज संपलं.

मी तुम्हाला श्रावणातला भाव सांगितला. थंडीतला सांगितला नाही. तापमानसुद्धा तीन तीनदा बघणारे तुम्ही, माझा आकडा एकदाच ऐकलात आणि शून्य खोडून तिथे तो लिहिलात.

परवडत नाही, असा निष्कर्ष निघाला. फाइल बंद झाली. निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्याच टेबलाशी दुसऱ्यांचे नमुने तपासत बसलात. अहवाल पाठवला त्या संध्याकाळी ही स्लाइड रूल माझ्या हातात ठेवलीत. "तू टोकलंस म्हणून खोटा हिशोब माझ्या सहीनं गेला नाही," म्हणालात. मी वाकून नमस्कार केला.

याच शहरात मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. मुलींना सांगत आले, मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

हे पत्र तुमच्या अहवालाच्या प्रतीत घालून ठेवते. तिथे सगळे आकडे आहेत, आणि थंडीतला भाव मला अजून पाठ आहे. फार तर अर्ध्या तासाचं गणित. नाना, मी ते अजून केलेलं नाही.