पहिल्या माणसाचं पान

३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
बेबीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सवयीने सौ. लिहून मग खोडलंस. दादा, खोडलेलं जास्त दिसतं. असो. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

नक्की काय झालं ते लिही म्हणतोस. एकदाच लिहीन.

प्रार्थनाघरातला मोठा ग्रंथ आमच्याकडे बांधणीला आला होता. यांनी शिवण उसवून पानं सुटी केली आणि ती लावायला टिल्लूला दिली. तुझा पोरगा आता दारात वाकून येतो, तरी मला तो टिल्लूच. पानं लावताना त्याला दिसलं की देवाने माणूस घडवल्याची गोष्ट एकदा होऊन गेली, आणि पान उलटलं की ती पुन्हा सुरू होते. आधी देव नुसत्या शब्दाने पुरुष आणि बाई एकदम घडवतो, आपल्यासारखी. पुढच्या पानावर जमीन परत रिकामी. मग मातीचा पुरुष, त्याच्या नाकात फुंकलेला श्वास, आणि बाई मागाहून, त्याच्या बरगडीची. टिल्लूला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचं पान यात घुसलंय. आमच्या धंद्यात असं होतं. त्याने ते पान काढून रद्दीच्या पोत्यात टाकलं आणि ग्रंथ शिवला.

प्रार्थनाघरात वाचणारा तिथे येऊन अडखळला. चार जण जाब विचारायला आले. हे म्हणाले, दुकान माझं, चूक माझी. टिल्लू तिथेच खळ ढवळत उभा होता. यांनी त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण यांचा स्वभाव तुला माहीत आहे. वर सांगत बसले की ग्रंथ ही गोष्ट मुद्दामच दोनदा सांगतो, एका हकिकतीत माणूस मावला नसेल. रस्त्यावर पोचेपर्यंत त्याचं झालं की बांधणीवाला ग्रंथाला खोटं म्हणतो आणि त्याने पान कापलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खूप जण आले. ज्या हाताने कापलंस तो दे म्हणत यांचा उजवा हात पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. बोटं मोडताना जाड पुठ्ठा मोडल्यासारखा आवाज आला. नंतर तो लोखंडी दांडाच उपसला आणि डोक्यात घातला. एकदा घालून भागलं नाही. मला दोघांनी भिंतीशी दाबून धरलं होतं. ते गेल्यावर मी यांच्या तोंडाला तोंड लावून वारं भरत राहिले. छाती वर यायची, खाली जायची. ते सगळं वारं माझंच होतं.

दादा, शिकंज्यापाशी यांना मागून काखेत हात घालून धरलं होतं ते टिल्लूने. मी बघितलं.

पोलिसांनी दुकानाबाहेर जमलेले सरसकट उचलले, त्यात तो आहे. आत कोण होतं ते मला कोर्टात सांगायचं आहे. म्हणून तुला आधी लिहिलं.

तुझी,
बेबी

१४ फेब्रुवारी

चि. बेबीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं नाही. ती तशीही दोन घास खाते आणि ताट सारते.

तू दुकानातल्या सुट्या पानांवर वाचायला शिकलीस. मी तुला चिडवायचो, बेबीला प्रत्येक पुस्तकाचा मधलाच भाग पाठ. आज तेच म्हणतो, पण चिडवत नाही. तू मधलं बघितलंस. पोराला मी तुरुंगात भेटलो. तो मेव्हण्यांना ओढून बाहेर काढायला धावला होता. माणसाला ओढायचं तर काखेतच हात घालतात ना? भिंतीशी चेपलेली तू, एवढा गोंधळ, किंकाळ्या. त्यात कोण धरतंय आणि कोण ओढतंय हे कसं कळणार?

मेव्हणेच सांगत होते की एकाच गोष्टीच्या दोन हकिकती असतात आणि दोन्ही खऱ्या. मग ही का नको? आणि त्यांनी मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही. तू घेणार? आपण सगळी एका मातीची. मातीचं मडकं एकदा फुटलं, आता दुसरं फोडून काय मिळणार?

वकील म्हणतात, तो आत दिसला नाही एवढं म्हटलंस की सुटला. खोटं बोल म्हणत नाही. दिसला नाही, एवढंच.

जपून रहा. कडी लावत जा. इकडून आठवण सगळ्यांनाच आहे.

तुझा दादा

२ मार्च

तीर्थस्वरूप दादास,
बेबीचा नमस्कार.

कडी लावते. काल दुकानाच्या काचेतून दगड आला, तो काही कडीला विचारून आला नाही. आता काचेला पुठ्ठा लावलाय. पुठ्ठ्याला तोटा नाही.

तुझं पत्र आल्यावर रद्दीचं पोतं उपसलं. ते पान मिळालं. आधीचं पान मला पाठच आहे, ते कागदावर उतरवलं. दोन्ही शेजारी ठेवून बरेच दिवस वाचत बसले. यांच्यासारखं मला मांडता येत नाही. मला दिसलं ते असं. पहिल्या हकिकतीत देव कुणाला हात लावत नाही. तो बोलतो आणि माणसं होतात, सगळं चांगलं असतं. ती लांबून बघितलेली आहे. दुसरीत तो खाली बसतो, हात मातीने भरवतो, आणि त्या मातीच्या तोंडाशी तोंड नेतो. ती लिहिणारा जवळ असणार. त्याने कुणाला तरी असं धरलेलं असणार, आणि श्वास येतो का बघितलेलं असणार.

तुझी हकिकत लांबची आहे दादा. यांनी नाव घेतलं नाही ते एका पानासाठी. हे पान नाही.

तरी तू मधल्या भागाचं म्हणालास ते मनात राहिलं, म्हणून काल टिल्लूला भेटून आले. जाळीपलीकडे उभा होता. ओठ फाटलेला, डावा डोळा मिटलेला. आतल्यांनीही हात धुऊन घेतलेत, वहिनीला सांगू नकोस. मी त्याला एकच विचारलं, तुझे हात काय करत होते.

तो म्हणाला, ओढत होतो. काकांना दाराकडे खेचत नेत होतो. तेवढ्यात दांडा घेतलेल्याने माझ्याकडे वळून विचारलं, पान कापणारा हाच, का तू?

मग म्हणाला, "मग मी धरून ठेवलं, आत्या. घट्ट धरलं."

घरी आले तेव्हा आठवलं. लादीवर खळ सांडली होती आणि तिच्यात यांच्या टाचांच्या दोन रेघा होत्या, दाराकडे गेलेल्या आणि तिथून परत आलेल्या. मीच त्या पुसल्या होत्या, त्या कसल्या हे मनाशी न आणता. तेव्हा तू म्हणतोस ते खरं आहे आणि मी बघितलं तेही खरं आहे. त्याने वाचवायला हात घातला, आणि त्याच हातांनी मारायला दिलं.

मी दोन्ही सांगणार. एक गाळून दुसरं सांगायला मला जमणार नाही. पान गाळलं की काय होतं ते या घराने बघितलंय.

रागावशील. पत्र तरी लिही.

बेबी

९ मार्च

बेबी,

आशीर्वाद लिहिलेला नाही, तुझ्या लक्षात आलं असेल.

त्याने तुला आत्या म्हणून सांगितलं, साक्षीदार म्हणून नाही. चुलीपाशी बसून तू त्याला भरवलंयस. त्या दांड्याखाली तू असतीस तर तूही घाबरली असतीस. माझं पोर घाबरलं, याची शिक्षा जन्मठेप?

उद्या त्याचं नाव घेतलंस तर तुला भाऊ नव्हता असं समज. मी कोर्टात येणार नाही. मला ते ऐकवणार नाही.

१२ मार्च

तीर्थस्वरूप दादास,
नमस्कार. तू घेतलास असं धरून.

तू आला नाहीस, म्हणून लिहिते. दुसऱ्या कुणाकडून ऐकू नयेस.

दांडा फिरवणारा, हात शिकंज्यात घालणारे आणि मला धरणारे दोघे मी बोट करून दाखवले. त्यांची नावं मला माहीत नव्हती. दांडेवाला माझ्याकडे बघून हसत होता. यांचं डोकं कुठे कुठे फुटलं होतं ते मला सांगायला लावलं, मी सांगितलं. कवटीचा तुकडा पुठ्ठ्यांच्या थप्पीत सापडला तेही सांगितलं. तेव्हा हसायचा थांबला.

मग टिल्लूचं निघालं. सरकारी वकिलांना धरलं एवढंच हवं होतं. तुझ्या वकिलांना ओढत होता एवढंच. मी आधी खळीतल्या टाचा सांगितल्या, मग त्याला काय विचारलं गेलं आणि त्याने काय केलं ते. दोघेही माझ्यावर चिडले. न्यायाधीश म्हणाले, बाई, नक्की काय ते एक सांगा. मी म्हटलं, साहेब, दोन्ही लिहून घ्या, ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने. त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि परत उचललं. काय ठरेल ते मला माहीत नाही. पिंजऱ्यात टिल्लू मान खाली घालून उभा होता. दारातून वाकून यायचा तसा.

शेवटी म्हणाले, त्याचं पूर्ण नाव सांगा. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. आधी त्याचं घेतलं. मग मधलं. मग आडनाव, जे लग्नाआधी माझंही होतं.

लिहिणारा कारकून मान वर करून म्हणाला, मधलं नाव नीट ऐकू आलं नाही.

तू थोरला, तुला मी जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. मी तुझं नाव परत घेतलं, मोठ्याने, त्याचं लिहून होईपर्यंत.

माझ्याकडून लोभ आहे तसाच आहे. तुझा उरला असेल तर सांभाळून ठेव, मला आत्ताच पाठवू नकोस.

तुझी,
बेबी