साहेबांना विचारल्याशिवाय

४ मार्च
साहेबांनी आज पुन्हा खोडा घातला! 'मुख्य सर्व्हर बंद पडला तर राखीव सर्व्हर आपोआप त्याची जागा घेणार? मला न विचारता?'

म्हटलं, साहेब, आपल्या केंद्राची कुठली अँब्युलन्स कुठे उभी आहे हे सगळं त्या सर्व्हरच्या मेमरीत असतं. तो गेला की फोनवरच्या मुलींचे पडदे कोरे. तिकडे माणूस तडफडतोय, इकडे या आंधळ्या! म्हणून राखीवमध्ये त्याची नक्कल, आणि तीन पहारेकरी प्रोग्रॅम ठेवलेत. मुख्य मेला असं दोघांचं मत पडलं की राखीव गादीवर. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

'मत? माझ्या खात्यात मतदान?'

उगाच नाही सगळे त्यांना मंजुरीसाहेब म्हणत.

५ मार्च
जेवताना नवऱ्याला सांगितलं. 'म्हणजे राजा मेला तरी नवा राजा साहेबांना विचारूनच बसवायचा, आणि साहेब झोपलेले!' हसता हसता मला ठसका लागला.

९ मार्च
तोडगा निघाला — त्यांचाच. बदल 'आपोआप'च होईल, फक्त आधी त्यांच्या मोबाइलवर विचारणा जाईल. दोन बटणं. मंजूर, नामंजूर. हिरवा गडद की पोपटी, यावर अख्खी बैठक!

'आणि तुम्ही आंघोळीला गेला असाल तर?' मी विचारलं.

'थांबेल की सर्व्हर.'

मेलेला सर्व्हर थांबेल!!

१३ मार्च
चाचणी. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद केला. विचारणा गेली. साहेब दुसऱ्या फोनवर, कुणाला तरी शिस्तीवर व्याख्यान देत होते. आम्ही ताटकळत. चहा आला, पिऊन झाला, चाचणीचे पडदे कोरेच. शेवटी मंजुरी आली. साहेब खूश — 'बघा, चाललं ना!'

१४ मार्च
केलं! विचारणा जाईल, बटणं दिसतील, दाबलीही जातील — पण ती कशालाच जोडलेली नाहीत. राखीव कुणासाठी थांबणार नाही.

कळलं तर नोकरी गेलीच.

२६ मार्च
दुपारी मुख्य सर्व्हर गेला. खराखुरा! डबा टाकून पळाले. पोचले तोवर राखीवने कारभार हातात घेतलेला. फोनवाली म्हणते, 'का हो, काय झालं? पडदा जरा लुकलुकला, एवढंच.'

एवढा जीव काढला आणि कुणाला पत्ताही नाही! रागच आला.

साहेबांचा फोन मात्र नाही. आज रजेवर होते म्हणे. नवलच!

२७ मार्च
साहेब आयसीयूत. काल दुपारी घरीच हार्ट अटॅक. बाईसाहेबांनी आमच्याच केंद्राला फोन केला — पडदा लुकलुकला त्याच्या मागोमाग. दोन गल्ल्या पलीकडची गाडी दिसली, गेली. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर हातचे गेले असते.

बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांच्यासाठी! स्वप्नातही वाटलं नव्हतं.

३० मार्च
भेटायला गेले. साहेबांना झोप लागलेली. बाईसाहेबांनी त्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला — 'छातीत कळा येत होत्या तरी यात काहीतरी दाबत होते. ऑफिसचंच असणार. बघ गं, काही राहिलंय का?'

बघितलं. नामंजूर.

'नाही हो,' म्हटलं. 'सगळं झालंय.'