फोटो सौजन्य

चिमणे,

आईच्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा फोटो तू ज्या पेजला वापरू दिलास, ते पेज मी चालवतो. त्याचं नाव 'धूळखाऊ' आहे, त्यामुळे तुला कळायचं काही कारणच नव्हतं. माझ्या दोन खोल्यांत आता असे एकतीस क्लीनर आहेत आणि माणूस मी एकटाच. जे मला मिळत नाहीत त्यांचे लोकांनी काढलेले फोटो लावतो आणि खाली ज्याचं त्याचं नाव न चुकता देतो. तुझं नाव मात्र एकेक अक्षर तपासत टाइप केलं. सात वर्षांत ते लिहिलं नव्हतं.

"नाव दिल्याबद्दल आभार," तू कळवलंस. "लोक फोटो सरळ उचलतात. हा क्लीनर आता सुरू होत नाही. माझा भाऊ दुरुस्त करायचा, पण आई अंथरुणाला खिळली आणि तो फिरकलाच नाही."

तू खरं तेच लिहिलं होतंस. मी फक्त झाकण कसं उघडायचं आणि मोटरमधले झिजलेले कार्बनचे तुकडे कसे बदलायचे, ते सविस्तर लिहून पाठवलं.

दोन दिवसांनी तुझा मेसेज आला, "सुरू झाला. आवाज अगदी तोच. थँक्यू, दादा."

अनोळखी माणसालाही आपण दादाच म्हणतो, हे मला कळतं. तरी त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. तुला उत्तर म्हणून 'काळजी घ्या' एवढंच लिहिलं. मला 'घे' लिहायचं होतं.

तुझाच,
दादा