भिंतीपलीकडून

प्रिय धाकटे,

फोनवर तू माझ्या गुडघ्यांचं विचारतेस, मी हवेचं सांगते आणि दोघी ठेवून देतो. म्हणून लिहितेय. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, चिडू नकोस. सुनेकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच.

बासरीच्या शिकवण्या चालू आहेत, पण मुलं कमी झालीत. परवा एका मुलाची आई भांडायलाच आली. म्हणे, बाई शिकवतात कुठं, पोराला बाहेर बसवून स्वतः आत भांडी घासतात. तिला म्हटलं, तुमचा मुलगा गोंडस आहे, पण मला तो बघायचा नाही, ऐकायचाय. गेली त्याला घेऊन. जाऊ दे. मला गोड बोलता येत नाही, आणि बाबांनी तरी आपल्याला वेगळं काय शिकवलं? दिवसभर लोकांच्या दारं-खिडक्यांना रंधा मारून यायचे, हातपाय धुवायचे, की एकीला बाहेरच्या खोलीत बासरी आणि दुसरी स्वयंपाकघरात. बोटं दिसली की आपण वाजवणाऱ्याला माफ करतो म्हणायचे, म्हणून भिंतीपलीकडून ऐकायचं. सूर खाली घसरला की आतलीनं भिंतीवर पळी ठोकायची. अदलाबदल करून पाहिली त्यांनी, पण तुझा दम पुरायचा नाही आणि मला ऐकत बसायचा धीर नव्हता. मग ठरूनच गेलं, बाहेर मी, आत तू. किती राग यायचा मला तुझा. एक लांब सा धरून मी स्वतःवरच खूश व्हायला लागले की आतून टक्. भाजीत पळी घालायला आईला मिळायचीच नाही. त्या जागी भिंतीला खळगा पडलाय. रंगारी तो पुट्टीनं बुजवायला निघाला होता, मी त्याला शिडीवरून खाली उतरवला.

लग्न होऊनही तू मागच्या गल्लीतच होतीस, सकाळी येऊन ओट्याशी बसायचीस, म्हणून आत कुणी नसलं की कसं होतं ते मला कधी कळलंच नाही. लेकाकडे गेलीस ते बरोबर केलंस, तिथं तुझी गरज आहे. पण आता पोरांसाठी मी आत बसते, माझ्यासाठी आत कुणी नाही. एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वयंपाकघरात जाऊन ऐकलं. डब्यात माशी अडकल्यासारखं वाजलं. पुसून टाकलं. सकाळी वाजवून झालं की घर इतकं गप्प होतं की मी उगाच नळ सोडते.

आता कामाचं. माझे खालचे पुढचे दोन दात हलतायत. दातांचा डॉक्टर म्हणतो, काढायलाच हवेत, नवे बसवून देतो, कुणाला कळणारसुद्धा नाही. त्याला म्हटलं, मी बासरी वाजवते. तो म्हणाला, बोलायला काही अडचण येणार नाही. शहाणाच आहे. खालच्या ओठाला मागून त्याच दातांचा टेका असतो, तो गेला की फुंक कुठं जाईल देव जाणे. आणि बिघडलं तरी मला कळणार नाही, ही खरी भीती आहे. वाजवणाऱ्याला स्वतःचं आतून गोडच लागतं. माझा सूर कसा होता हे भिंतीपलीकडून ऐकलेला माणूस या जगात आता एकच उरलाय.

म्हणून ये. दात काढायच्या आधी एकदा आणि नवे बसल्यावर एकदा. माझ्याशी बोलत बसायची गरज नाही, आत ओट्याशी बस. पळी खुंटीवर आहे. आधीसारखं राहिलं नसेल तर ठोक, दया करू नकोस, मी बासरी माळ्यावर टाकीन आणि फक्त पोरांची ऐकत बसेन. आणि ठोकावंसं वाटलं नाही, तर बाहेर येऊन कौतुक करू नकोस. चहा ठेव. भांड्याच्या आवाजावरून मला कळेल.

तुझीच, बाहेरच्या खोलीतली,
ताई