ख्वाजा खिजराचा घाट आणि कल्याणचा हिस्सा

मी गोजरबाई, रामकिसन भोई यांची विधवा, वय बहात्तर, राहणार मौजे घाटवाडी, तालुका अंबड, जिल्हा जालना. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही, आणि आज मी माझ्यामागची व्यवस्था सांगत आहे. लिहून घेणारे आमचे शेजारी अण्णासाहेब गुरुजी. मी सांगेन तेच लिहावे, शोभेचे काही घालू नये, असे त्यांना बजावले आहे.

मिळकतीच्या आधी मुलाचे लिहावे लागते, त्याशिवाय वाटणीच होत नाही. आमच्या नदीच्या घाटावर ख्वाजा खिजराचा चिल्ला आहे. एक ओटा, हिरवी चादर आणि दिवा. ख्वाजा म्हणजे आबेहयात, अमर करणारे पाणी, प्यायलेला, पाण्यावर फिरणारा, कधी न मरणारा पीर, आम्हा नावाड्यांचा वाली. घाटाची रीत अशी की, पलीकडून एकट्या माणसाने हाक मारली तर नावगाव न विचारता त्याला आणायचे, कारण तो ख्वाजाही असू शकतो. दोन हजार सहाच्या पुरात अशी हाक आली आणि माझा कल्याण होडी घेऊन गेला. होडी खाली बाभळीत अडकलेली सापडली. कल्याण सापडला नाही.

हाक मारणारा हसनाबादचा बैलांचा व्यापारी होता. पूर ओसरल्यावर तो शहागडच्या पुलावरून फिरून आमच्या घरी आला, ओसरीत बसून रडला, चहासुद्धा घेतला नाही. पण हाक ख्वाजाची नव्हती, हे कोणाला ऐकायचेच नव्हते. आमचे मालक म्हणाले, "ख्वाजानं नेलेला माणूस मरत न्हाई. पोरगं येईल." त्यांनी दहावा-तेरावा केला नाही, मृत्यूचा दाखला घ्यायला सात वर्षांनी कोर्टातही जाऊ दिले नाही. मालक वारले तेव्हा जमिनीला वारस लागले ते मी आणि कल्याण. सातबारावर तो अजून जिवंत आहे.

सून साधना हिच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. तिचा भाऊ कुंभार पिंपळगावहून न्यायला आला होता, दुसरे स्थळही बघून ठेवले होते. जिचा नवरा जिवंत आहे तिचे लग्न कसले, असे म्हणून मालकांनी त्याला दारातूनच परत पाठवले. पुढे आमच्या गल्लीतल्या दुर्गाबाईने गावोगाव सांगितले की, हिचा नवरा कधी मरणारच नाही. तेव्हापासून बाया साधनाच्या हातून कुंकू लावून घ्यायला येतात आणि ती लावते. दुर्गाबाईला माझे काहीही देऊ नये. तिने नेलेला पाटावरवंटा परत आणावा.

राहते घर माझ्या नावावर आहे, ते साधनाचे. दीड एकरातला माझा निम्मा हिस्साही तिचाच. कल्याणचा निम्मा तिने कोर्टातून विधवा म्हणून लावून घ्यावा. त्यात आई म्हणून मला काही आले, तर तेही तिलाच.

चिल्ल्याच्या दिव्याचे तेल आमच्या घरचे असे. ते माझ्यानंतर बंद. गुलाबखाँ मुजावरांना मी हे सांगितले. ते स्वतःच थकले आहेत, मुले पुण्याला आहेत. भादव्यात ख्वाजाच्या नावाने दिवे लावून नदीत तराफा सोडतात, तो आता वाळूवाल्यांनी केलेल्या खड्ड्यात फिरून तिथेच विझतो. ख्वाजाशी माझे भांडण आहे. ते मी कोणाला देत नाही.

होडी फोडून माझ्या सरणाला लावावी. राख नदीत सोडू नये, शेतात टाकावी.

हे सर्व साधनाला वाचून दाखवले. कोर्टाचा आणि विधवेचा मजकूर आला तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आत्या, तेवढं लिहू नका. मंग मी कोणाची वाट पाहू?"

गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. मी त्यांना ती उचलायला लावली. माझा मुलगा कल्याण रामकिसन भोई मयत आहे, असे स्पष्ट लिहावे.

ठिकाण: घाटवाडी
तारीख: ९ सप्टेंबर २०२४

गोजरबाई रामकिसन भोई, डाव्या हाताचा अंगठा

आमच्यासमोर सांगितले व अंगठा केला:
१. अण्णासाहेब गुरुजी, सही
२. गुलाबखाँ मुजावर, सही